मॅम, ऐकू येतंय ना?

कोलार रोड, भोपाळ
२९ नोव्हेंबर २०२०

प्रिय मंजू,

दिवाळीत तू पाठवलेल्या चकल्यांची पोच आज देते आहे, रागावू नकोस. हेमंत म्हणाले, "चुरा झालाय, पण चुऱ्यालासुद्धा मंजूच्या हाताची चव आहे." मधुकररावांना सांभाळ, बाजारात फार फिरू देऊ नकोस.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलले असते, तर अडचणीच्या जागी "आवाज तुटतोय गं" म्हणून सुटून गेले असते. हल्ली ती सवयच लागली आहे मला.

शाळा अजून लॅपटॉपातच आहे. आशय बंगलोरला, म्हणून त्याच्या खोलीत मी वर्ग मांडला आहे. दहावीचं इंग्रजी शिकवते, समोर काळे चौकोन आणि त्यांवर नावं. हजेरी घ्यायची, त्या चौकोनांचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकायचा, शिकवायचं, मग रेकॉर्डिंग चढवायचं. ते चढलं नाही, की सगळ्यांसमोर कोऑर्डिनेटरबाईंचा निरोप येतो, "वंदना मॅम, प्लीज़!" त्या ग्रुपात माझ्याच हाताखाली शिकून शिक्षिका झालेल्या मुलीही आहेत. फोन वाजला, की मी आधी तो पालथा ठेवते. हेमंत मला हे सगळं शिकवायला बसतात आणि दोन मिनिटांत म्हणतात, "अगं, कालच सांगितलं होतं ना?" मग मी विचारतच नाही.

वर्गात प्राजक्ता नावाची एक मुलगी होती. तिचे वडील जितेंद्र, तेही माझेच विद्यार्थी. गोविंदपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात लेथवर होते, तो कारखाना उन्हाळ्यात बंद पडला. मुलगी हुशार, निबंधात खोड्या करणारी. गेल्या आठवड्यात वर्ग संपल्यावर तिला माझ्याशी काही बोलायचं होतं, पण नेमकं नेटवर्क गेलं. आता ती तुमच्या नागपुरात आहे, मामाकडे. शाळा सुटली.

मी हेमंतना असंच सांगितलं आहे. कोऑर्डिनेटरबाईंनाही.

मंजू, मागे एकदा माझं नेटवर्क खरोखर गेलं होतं. परत आले तर पोरं खिदळत होती, "मॅम, आप तो हँग हो गई थीं! मुँह खुला का खुला!" नेमक्या तेव्हा कोऑर्डिनेटरबाई वर्ग तपासायला आल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "नेटवर्क का क्या करें!" इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी माफ केलं होतं. पुढे ती माफी मी स्वतःच घेऊ लागले. स्क्रीनवर धडा दिसेना, की तोंड अर्धवट उघडं ठेवून स्तब्ध बसायचं. पापणीसुद्धा हलवायची नाही. मग हळूच बाहेर पडायचं. कॉन्व्हेंटच्या मैदानावर आपण 'स्टॅच्यू' खेळायचो. तू माकडचेष्टा करून सगळ्यांना हलवायचीस, मी तेवढी हलायची नाही. सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, या मुलीला चॅपलमध्ये नेऊन पुतळ्यांशेजारी उभं करा. केवढा अभिमान वाटायचा मला त्याचा!

त्या दिवशी रेकॉर्डिंग दोनदा फसलं होतं. डोकं ठणकत होतं. सगळी मुलं गेली आणि एकच चौकोन उरला. प्राजक्तानं कॅमेरा लावला. मागे भिंतीला टेकवलेली गादी, शेजारी बांधलेली बॅग. वर्गात ती हिंदीच बोलते, तेव्हा मात्र मराठीत बोलली. "मॅम, दोन मिनिटं." मला वाटलं, हिचाही गृहपाठ चढत नसेल, आता हिला काय सांगू? आणि मी स्टॅच्यू झाले.

ती बोलतच राहिली. "बाबा मला मामाकडे पाठवतायत. मामीला बाळ झालंय, तिथं हाताशी कुणीतरी हवं म्हणे. फोनही बाबांना लागणार. दहावी पुढच्या वर्षी कर म्हणतात. मॅम, तुम्ही एकदा फोन कराल का त्यांना? ते दुसऱ्या कुणाचं नाही ऐकणार. मॅम? ऐकू येतंय ना?"

मला सगळं ऐकू येत होतं. हलायला हवं होतं, पण आता हललं तर मघापासूनचं सोंग उघडं पडेल, याचीच लाज वाटली. तिनं स्क्रीनजवळ येऊन माझ्याकडे नीट पाहिलं. "अटक गईं," असं स्वतःशीच म्हणाली. मी बटण दाबून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या फोनवरून तिचा निरोप आला. "मॅम, काल तुमचं नेटवर्क गेलं होतं ना? काही हरकत नाही. मी निघतेय. डोळ्यांना जपा." आणि मी उत्तर लिहिलं, "हो बाळा, नेटवर्कच गेलं."

हे उत्तर मला जास्त जाळतं आहे. स्तब्ध बसले ते थकव्यानं, असं म्हणून मनाची समजूत घालता येते. हे मात्र मी चष्मा लावून, सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं.

परवा मी जितेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "मॅम, त्याच दिवशी बोलला असतात तर ठेवून घेतली असती. आता मेव्हण्याला शब्द दिलाय. तुम्ही स्वतः त्याच्याशी बोललात तर बघा. पोरगी मात्र रुसलीय, परत येते म्हणेल का, माहीत नाही." मी त्याला सांगितलं, परीक्षेपर्यंत ती आमच्याकडे राहील. आशयची खोली आहे, लॅपटॉप आहे. हेमंतना विचारलं तर म्हणाले, "मला विचारतेस काय, पलंगावरचे तुझे पेपर उचल आधी."

खरं काय घडलं, ते त्या दोघांनाही अजून सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुला लिहिते आहे. त्यानंतर तिला सांगणार. मामांशी बोलण्याआधी, घरी चल म्हणण्याआधी. ते न सांगता तिला आणलं, तर ती रोज माझे आभार मानत माझ्यासमोर बसेल, आणि ते मला सोसणार नाही. सांगितल्यावर ती येणार नाही म्हणाली, तर तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं. मग मामांच्या हातापाया पडून तिथंच तिच्या अभ्यासाची सोय करायला लावीन. शिकवायला मी फोनवरून रोज असेन.

शनिवारी सकाळी हबीबगंजहून निघते, दुपारी पोहोचेन. मामांचं घर मानेवाड्याला आहे, पत्ता जितेंद्रनं दिला आहे. तू स्टेशनवर ये. जेवायला घरी नेऊ नकोस, सरळ तिकडेच जाऊ. तू बाहेर रिक्षात थांब. दार तिनंच उघडलं तर बरं होईल. पहिलं वाक्य मी रोज पाठ करते आहे आणि रोज ते वेगळंच होतं.

मला समजावणारं उत्तर लिहू नकोस. नुसती ये.

तुझी,
वंदना