हिरवा ठिपका

विष्णुपुरी, मंगळवार, संध्याकाळ

दिवसभर उत्क्रांतीच्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले, आणि चूक नव्हतीच! पडद्यावर शंभर निळे ठिपके, सगळे आपमतलबी. त्यांत उत्परिवर्तनाने, म्हणजे अचानक बदल होऊन, आलेला एक हिरवा, दुसऱ्याला मदत करणारा. हिरवे वाढले की सगळ्यांचंच भलं, हे गणित पक्कं. पण कोण टिकणार याची चिठ्ठी प्रोग्रॅम दर फेरीत काढतो, आणि एकटा हिरवा बहुतेक वेळा सुरुवातीलाच पुसला जातो. वैतागून मी एक ओळ घुसडली: पहिला हिरवा मरणार नाही.

रेणापूरहून आलेल्या सासूबाई शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांना सगळं समजावलं. म्हणाल्या, "हे तर वारंगुळ्यावानी हाय." म्हणजे आज मी तुझ्या रानात खुरपायचं, उद्या तू माझ्या. त्यांच्या गावात हे गयाबाईंनी सुरू केलं, असं सगळेच सांगतात.

"गयाच्या आधी मी गेले होते की, दोघींच्या रानात. माझ्या रानाची पाळी आली तवा एकीला ताप भरला, दुसरी बाळंतपणाला माहेरी गेली. मोडलं तिथंच. पुढं गयाचं जमलं."

तक्रार नाही, हेवा नाही. किती वर्षं पोटात ठेवलं असेल हे? आणि मी, एवढी शिकलेली, हिरव्याला अमर करायला निघाले होते!

ती ओळ खोडली. पुन्हा चालवलं. हिरवा ठिपका तिसऱ्याच फेरीत गेला. मी हळहळले.

सासूबाईंनी शेंग फोडली. "त्याचं काय चुकलं न्हाई," म्हणाल्या.