सातवा अंक छापलाच नव्हता

रवि., २ फेब्रु.

सकाळी साडेदहा. ग्रुपवर हजेरी द्यायचीय आणि डोक्यात काही नाही. जुन्या चित्रकथा जमवणाऱ्यांचा ग्रुप, सतरा डोकी, नियम एकच: दर रविवारी प्रत्येकाने एक माहिती टाकायची, आधी कोणी न टाकलेली. सलग दोन रविवार चुकले की अ‍ॅडमिन जोशी सर (कल्याण, रिटायर ड्रॉइंग मास्तर) काढून टाकतात. माझा मागचा चुकलाय. वज्रेश्वरीला कुंडात पाय सोडून बसलो होतो, गरम पाण्यात अंडं उकडतं का बघायला. उकडत नाही. अंडं फुकट गेलं.

‘तुफानराव’ या चित्रकथेबद्दल माहीत होतं ते सगळं देऊन झालंय. अंक २, तलवार डाव्या हातात, कारण ब्लॉक बनवताना निगेटिव्ह उलटी लागली. अंक ५, घोड्याला पाच पाय. अंक ८ पासून मिशा गायब, का ते कोणालाच माहीत नाही.

शेवटी टाकलं: सातवा अंक छापलाच नव्हता. छापखान्यात आकडा चुकला, सहानंतर थेट आठ घातला. तसाही सातवा कोणाकडे नाही, कोणी पाहिलेला नाही. जोशी सर: आधार? मी लिहिलं, भिवंडीतले एक जुने कंपोझिटर, छापखान्यात खिळे जुळवणारे. मग मोबाइल बंद करून टाकला.

सोम., ३

सात वाजता नूरचाचांचा फोन. ग्रुपमधला भिवंडीचा माझ्याशिवाय दुसरा माणूस. खाडीकडे राहतात, सत्तरी ओलांडली, बारा लूमचा कापडाचा कारखाना होता तो आता बंद. तुफानरावचे वीस अंक निघाले, त्यातले एकोणीस यांच्याकडे. सातव्यासाठी तीस वर्षं रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवलेत, नाशिकपर्यंत गेलेत.

“खरं काय रे बाला? न्हायच छापला?”

म्हणालो, असं ऐकलंय.  मग म्हणाले, म्हंजे माझा सेट पुरा हाय. आवाज असा आला की थाप होती हे सांगायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. तेवढ्यात म्हणाले जेवायला ये. तांदळाच्या रोट्या, कोंबडीचं सालन. गेलो. चार रोट्या खाल्ल्यावर खरं बोलणं बरं दिसलं नसतं.

बुध., ५

मानकोलीला गोडाऊनमध्ये ड्युटी होती, बॉक्स स्कॅन करायची. जाताना रस्त्यात ट्रकवरून जेसीबी उतरवत होते. बघत राहिलो. शिफ्ट गेली. पण जेसीबी स्वतःच्याच हाताने टेकू देऊन उतरतो, हे कळलं.

संध्याकाळी चाचांकडे. आज विहिरीचं सगळं ऐकलं. सहाव्या अंकाच्या शेवटी तुफानराव कोरड्या विहिरीत, वर शिळा. आठव्याच्या पहिल्या पानावर स्वतःच्या लग्नात लाडू खातोय, मिशा नाहीत. बाहेर आला कसा? यावर चाचा आणि त्यांचा मोठा भाऊ अन्वरभाय (चाळीस वर्षं कुवेत) लहानपणापासून भांडतायत. चाचा म्हणतात घोड्याने शिळा ढकलली, शेपटी सोडली, शेपटी धरून वर आला. भाय म्हणतो एका म्हातारीने रस्सी टाकली आणि बदल्यात त्याच्या मिशा मागितल्या. चाचा म्हणाले, भाय ती म्हातारी अशी रंगवायचा की मी रात्री तिला घाबरायचो. दर ईदला फोनवर हाच वाद, बायकापोरं कंटाळलीत.

परवा चाचांनी त्याला कळवलं. अंकच नाही म्हणजे दोघंही बरोबर. भाय म्हणाला रमजानच्या आधी येतो. सत्तावीसचं तिकीट काढलंसुद्धा. सहा वर्षांनी येतोय. चाचांनी मलाच मिठी मारली. माझ्या थापेवर आता विमान उडतंय.

रवि., ९

जोशी सरांनी यादीत घातलं: अंक ७, अस्तित्वात नाही. पुण्याच्या एकाने लिहिलं की त्याचे मामाही असंच म्हणायचे. कुठले मामा? मीच अर्धा विश्वास ठेवायला लागलोय. त्या कंपोझिटरचा चेहरापण दिसतो अधूनमधून, चष्मा वगैरे.

चाचांनी सगळे अंक बांधून घेतले. लाल कापड, पाठीवर सोनेरी अक्षरात ‘संपूर्ण’. बाइंडर म्हणाला सहानंतर आठ आलाय, एक राहिला काय. त्याला अर्धा तास इतिहास ऐकावा लागला.

गुरु., १३

चाचांचे लूम भंगारात चाललेत. “तू मोकळाच हायस,” म्हणून मला बोलावलं उचलायला. मोकळा कसला, पण गेलो. लूम चालताना हलू नये म्हणून पायाखाली गोणपाट, रबर, कागद, हाताला लागेल ते ठासतात. नववा लूम उचलला तर पायाखाली रबर, रबराखाली चार घड्यांचा कागद, तेलाने काळा. घडी उलगडली. घोडा. विहीर. तुफानराव, अंक ७.

तिथंच तेलात बसलो. भंगारवाल्याला वाटलं पाठ गेली. उरलेले तीन लूम त्याने मला उचलू दिले नाहीत. अंक शर्टात घालून घरी आणला. नवीन शर्ट होता. आता नाही.

कव्हरवर कोपऱ्यात रंगीत पेन्सिलीने लिहिलंय: अन्वर, इयत्ता सहावी.

शुक्र., १४

वाचायचा नाही असं ठरवलं होतं. दहा मिनिटं पाळलं.

पान नऊ. म्हातारी. रस्सी. म्हणते, मिशा दे. शब्द न् शब्द तसाच, चाचांनी भायची नक्कल करून दाखवलेला. म्हणजे भायने हा वाचला, धाकट्यापासून लपवला, लूमखाली ठासला, आणि साठ वर्षं आपल्याच डोक्यातून काढल्यासारखा सांगत राहिला.

परत ठेवावा तर लूम गेला. जाळावा तर मी जुन्या चित्रकथांच्या ग्रुपवर आहे. विचार करायला टेमघरला चालत गेलो. मैदानात पोरांना अंपायर हवा होता. सहा ओव्हर केल्या. बरं वाटलं. एलबीडब्ल्यूवरून भांडण झालं, मग परत आठवलं.

शनि., १५

नेऊन दिला, नवव्या लूमखाली सापडला म्हणून. लाल बाइंडिंगवर ठेवला आणि एका दमात सगळं बोललो: कंपोझिटर नाही, थाप मारली, रविवार चुकणार होता म्हणून, माफ करा. चाचांनी ऐकलंच नाही. चष्मा पुसला, कव्हर जवळ धरलं.

“हे अक्षर भायचं.”

मग बोटांवर मोजत बसले. भाय सहावीत म्हणजे आपण चौथीत. बापाच्या वेळी याच कारखान्यात दोघं शाळा सुटल्यावर बॉबिनवर सूत भरायचे. नववा लूम भायच्या बाजूचा.

“वाचलास?”

न्हाय, म्हणालो. कसं सुटलं माहीत नाही.  चाचा स्वतःशीच हिशेब मांडल्यासारखं बोलले, की बापाला असली पुस्तकं चालत नव्हती. भायच्या हातातून ओढून घेतला असेल, न वाचता. बापानेच ठासला असेल. आत म्हातारीची रस्सी नसली म्हंजे भायने न्हायच वाचला.

मी मान हलवली. मान काय, हलते.

उघडला नाही त्यांनी. वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीला तीन गाठी मारल्या आणि माझ्याच हातात दिला. “माझ्या घरात र्‍हायला तर हात जाईल. भाय आला की आन. त्याच्यासमोर उघडू.”

रवि., १६

हजेरीला काहीच टाकलं नाही. जोशी सर कंपोझिटरचं नाव मागतायत, यादीत आभार मानायचेत. मिशांचं खरं कारण सांगितलं तर सतरा जण उभे राहून टाळ्या वाजवतील. टाइप केलं. खोडलं.

मंगळ., १८

अंक पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात. मानकोलीहून परत बोलावलं होतं, गेलो नाही. शहापूरकडे एक जण जुनी मोटरसायकल दाखवतो म्हणाला, तिकडेही नाही. कपाट सोडून जाववत नाही. आई म्हणते ताप आलाय काय, दोन दिवस घरात आहेस.

चाचांचे आज तीन फोन. पहिला, भायला खाडीचे बोंबील आणायचेत, चांगले कुठे मिळतील. दुसरा, बोंबील मिळाले. तिसरा आत्ता. बराच वेळ हवापाण्याचं. मग हळू आवाजात:

“बाला, तू वाचला न्हायस ते मला माहीत हाय. पन आनताना पान उघडलं असंल एकादं. म्हातारी दिसली काय रे कुठं?”

आवाज कटतोय चाचा, म्हणालो, एका कारखान्याजवळ आहे, लूम चालू आहेत. घरात होतो. पंखासुद्धा बंद होता.

बरं, म्हणाले. फोन ठेवला मात्र नाही. मीपण तसाच कानाला लावून बसलो. सत्तावीसला अजून नऊ दिवस.