शेगडीचा दिवा आणि लाकडाचे दोन तुकडे

ती. अक्का,

वाकून नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे धडधाकट आहोत, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला, दोघांनाही उतार पडला असेल असं धरून चालते.

आधी या आठवड्यात आमच्या दारात काय काय आलं ते ऐक. लिथियमचे चार सेल, सहाशे चाळीसला. ते चार्ज करायचं यंत्र, साडेचारशेला. वीज मोजायचा मीटर, तीनशे नव्वदला (घरात एक आहे, पण त्याचा म्हणे भरवसा नाही). एकूण चौदाशे ऐंशी. आणि ज्या दिव्यापायी हे सगळं, तो फुकट आलेला!

दिव्याची हकीकत अशी. निवृत्त झाल्यापासून ह्यांना मागच्या अंगणात जाळीच्या शेगडीवर कणसं-बटाटे भाजायचा नाद आहे. अंधार पडला की कच्चं काय आणि करपलं काय ते कळत नाही (उजेडातही करपतंच, पण ते असो). गेल्या वर्षी जावईबापू जेवायला असताना ह्यांनी स्वतः दुरुस्त केलेल्या टेबलपंख्याने भर पंगतीत पातं फेकलं, ते थेट ताकाच्या पातेल्यात. जावईबापू एवढंच म्हणाले, "बाबा, आता नवीन घ्या की. सगळं आपल्याच हाताने कशाला?" झालं! तीस वर्षं छापखान्याची यंत्रं सांभाळलेल्या माणसाला असं म्हणायचं? तेव्हापासून सासरा-जावयात बोलणं बंद आणि पोर मधल्यामध्ये रडवेली. मग गेल्या महिन्यात जावईबापूंनीच आपण होऊन हा दिवा पाठवला, शेगडीच्या मुठीला चिमट्याने बसणारा. सोबत चिठ्ठी, बाबांना भाजताना नीट दिसावं म्हणून. ह्यांनी ती चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली. हा सोडून पुढच्या रविवारी लेक-जावई जेवायला येणार आहेत.

आता माणसाने भेट आली तर लावावी आणि गप्प खावं की नाही? पण दिवा तीन पेन्सिल सेलांवर चालतो आणि पंधरा दिवसांत तिघांचा फडशा पाडतो. ह्यांनी ठरवलं, याला चार्जिंगचे सेल बसवायचे आणि रविवारी जावयाला दाखवायचे. चार दिवस जेवायचं टेबल गेलं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मी देवापुढे बसले की मागून, सेलाला मीटर लावून, "तीन पूर्णांक सात, तीन पूर्णांक सात" असा ह्यांचा वेगळाच जप! माझ्या लांब झाडूचा दांडा कापून नेला, तो वेगळाच (आता मी कमरेत वाकून झाडते, तुझ्या गुडघ्याला सांग की सोबत आहे). मग त्या दांड्याचे दोन तुकडे सेलाच्या मापाने तासले, तांब्याच्या तारेत गुंडाळले आणि सेलांबरोबर दिव्यात घातले. का, म्हणून मी विचारलं असणार, ह्यांनी सांगितलंही असणार. माझ्या हातात तेव्हा माळ होती.

बुधवारी संध्याकाळी दिवा असा लखलखला की शेजारीण कुंपणावरून डोकावली. बटाटे चक्क पिवळे निघाले. गुरुवारी बटण दाबलं तर दिवा मेलेला, वर जळका वास. हे तासभर तो हातात धरून बसले. मग हत्यारांची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "भंगारात दे. जावई बोलला ते खरंच होतं. पोरीला कळव, पुढच्या रविवारी नको." अक्का, मी या माणसावर आयुष्यभर चिडत आले, पण असं मऊ बोलले की चिडायलासुद्धा जागा उरत नाही. पेटी मी धान्याच्या डब्यामागे ठेवली आहे. पोरीला काही कळवलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. आता तुला सांगायला हरकत नाही. गुरुवारी सकाळी दिवा पुसायला घेतला आणि उघडून पाहिला. आत सेल एक आणि लाकडं दोन! इकडे एकशे साठचा एक असे तीन कोरे सेल खोक्यात नुसते पडलेले. म्हटलं, घाईत राहिले असतील. लाकडं काढली, दोन सेल बसवले, बटण दाबलं. टप् असा आवाज आला, डोळ्यांपुढे निळं झालं. मी घाईघाईने लाकडं पुन्हा जागच्या जागी घातली आणि नाम घेत बसले. लिथियमचा एकच सेल साध्या अडीच सेलांना भारी असतो, म्हणून बाकीच्या दोन घरांत नुसती जागा भरायला तार गुंडाळलेलं लाकूड, हे मला काल रात्री कळलं. हे काल स्वतःशीच पुटपुटत होते, चूक कुठे झाली ते शोधत. चूक शेजारीच भाजी निवडत होती.

ता. क. २. खोटं बोलणं माझ्याच्याने होत नाही, नेम आहे. खरं सांगायला तोंड उघडते आणि "चहा घेता का?" विचारून येते. म्हणून तू एक कर. तुझ्या अक्षरात एक पत्र पाठव की, तुमच्याकडेही अस्साच दिवा होता आणि काही न करता आठव्या दिवशी आपोआप गेला, मालच तसला येतो. मी ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवीन. आलेलं पत्र वाचण्यात खोटं ते काय? भाऊजींचीही सही घे, त्यांच्या शब्दाला हे मानतात. पुढच्या शनिवारच्या आत पोचायला हवं. उलट टपाली पाठव.