चार बोटांची मूठ

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! ट्रकवाल्यानं रस्त्याच्या वळणावर उतरवलं आणि समोर पट्टा दिसला. दोन्ही बाजूंना दाट जंगल, मधे तीस मीटर रुंद, मोठी झाडं नसलेली पण झुडपं माजलेली जमीन आणि वर विजेच्या जाड तारा. ट्रंक डोक्यावर घेऊन त्या पट्ट्यातूनच वीस मिनिटं चाललो. टोकाला मनोऱ्याच्या पायथ्याशी माझं घर. दोन खोल्या, लोखंडी खाट, एक टेबल, एक खुर्ची. टेबलाचा एक पाय तोकडा आहे, पण खाली कागदाची घडी घातली की काम भागतं. नळाला पाणी आहे. मी दोनदा उगाचच नळ सोडून बघितला.

काम सरळ आहे. तारांखाली गुडघ्याच्या वर काहीही उभं राहता कामा नये. झाड वाढून तारेला टेकलं तर अर्धं शहर अंधारात. माझ्या वाट्याला बारा मनोऱ्यांचा पट्टा आलाय. मुकादम म्हणाला की एकवीस तारखेपर्यंत तो साफ झाला तर घर माझ्या नावावर करतो, मग खुशाल बायकामुलांना आण.

ही आणि गोटी सध्या मेव्हण्याकडे आहेत. दुकान बंद पडल्यापासून आठ महिने आम्ही तिघं त्याच्या जिन्याखालच्या खोलीत राहिलो. मेव्हण्याची बायको बोलत काही नाही, फक्त भांडी जरा जोरात आपटते. गोटी पाच वर्षांची आहे आणि तिथे ती कुजबुजत बोलायला शिकली. ते मला बघवत नाही. इथे तिनं पोटभर ओरडावं, ऐकायला चिटपाखरू नाही. तेवीस तारखेचा रविवार ठरवून टाकलाय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सुरा निवडला. हत्यारांच्या दुकानात सहा वर्षं गल्ल्यामागे काढली असल्यामुळे या विषयावर मी कुणाचं ऐकून घेत नाही. घडीचा चाकू या कामाला कुचकामी. दहा दणक्यांत सांधा खिळखिळा होतो. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं हवं. लांबी कोपरापासून मनगटापर्यंत. त्याहून लांब असेल तर वेलींत अडकतं, आखूड असेल तर वाकून वाकून कंबर जाते. वजन पुढे हवं, म्हणजे तोडताना निम्मं काम सुराच करतो. गंजणारं पोलाद असलं तरी चालेल, त्याला धार लवकर चढते. रोज तेलाचा बोळा फिरवायचा, बस्स.

कोठीवर एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे आजोबा म्हणतात. त्यांनी नवा सुरा दिला, पातं अगदी मनासारखं. मूठ मात्र नुसता चौकोनी ठोकळा! इथली पद्धतच अशी की मूठ कच्ची मिळते. ज्यानं त्यानं ती कानशीनं घासून आपल्या हाताला बसवायची, त्यात आठवडा मोडतो. कोपऱ्यात खिळ्यावर एक जुना सुरा होता, मूठ वापरून काळी गुळगुळीत झालेली. तो मागितला तर आजोबांनी मान हलवली. दुसऱ्याच्या मुठीत आपला हात घालू नये, म्हणाले. मी म्हटलं, बरं बुवा, तुम्ही सांगाल तसं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वैताग. नुसता वैताग! ठोकळ्यानं तळहाताची सालटी काढली. दिवसभर तोडायचं आणि संध्याकाळी फोडांनी भरलेल्या हातात कानस धरून मूठ घासायची. लाकूडही असलं निबर, की तासाभरात चिमूटभर भुसा पडतो. काटेरी वेल एकीकडून तोडावी तर दुसरीकडून पाठीला मिठी मारते. दोन दिवसांत अर्धा मनोराही झाला नाही.

पलीकडच्या हद्दीचा गडी, लंबू, बघायला आला होता. त्याच्या मते मी घाई करतोय. आधी मूठ, मग काम. पहिल्या आठवड्यात त्यानं एक फांदी तोडली नव्हती म्हणे. त्याला काय जातंय सांगायला, त्याची पोर कुणाच्या जिन्याखाली झोपत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

केलं. आजोबा जेवायला गेले होते आणि कोठी उघडी होती. माझा ठोकळा खिळ्याला अडकवला आणि जुना सुरा घेऊन आलो. चोरी कसली, अदलाबदल!

काय सांगू, हातात घेतला आणि डोळे मिटले. अंगठ्याला खळगा, तीन बोटांना तीन खाचा, जणू माझाच हात मोजून केलेल्या. फक्त करंगळीला जागा नाही. तिथे लाकडाचा फुगवटा आहे, त्यामुळे ती बाहेर लोंबते. चालायचंच, दुधात साखर रोज कुठे मिळते. दुपारनंतरच्या तीन तासांत पाऊण मनोरा झाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाच मनोरे झाले. मुकादमानं पाठ थोपटली. पण करंगळीनं जीव खाल्लाय. प्रत्येक घावाला ती फुगवट्यावर आपटते, सुजून टम्म झाली आहे. फुगवटा घासून काढू म्हटलं तर कानस घसरते, लाकडावर ओरखडासुद्धा उठत नाही. अर्धा तास झटलो आणि शेवटी कानस फेकून दिली. वर हा नवाच ताप: संध्याकाळी सुरा खाली ठेवला तरी बोटं उघडत नाहीत. एकेक करून डाव्या हातानं सोडवावी लागतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर तसंच येणार. सकाळी धार लावत होतो. सुरा गुडघ्याखाली दाबलेला, धार वर, दगड उजव्या हातात. हजार वेळा केलेलं काम. करंगळी दगडाखाली लोंबत होती आणि हात घसरला. दवाखान्यातल्या बाईंनी उरलेलं पेरही काढून टाकलं. मलमपट्टी करताना त्या पुटपुटल्या की या हद्दीतला हा दुसरा.

दुखण्यापेक्षा संताप जास्त आहे. ऐन घाईच्या वेळी! हिला काय सांगू? गोटी माझी बोटं धरून आकडे मोजते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज पट्टी सोडून सुरा धरला. दुखलं नाही. थेंबभरही नाही. फुगवटा तळहाताच्या कडेला बरोब्बर टेकला आणि मूठ पूर्ण बसली. आता कळलं, ती चारच बोटांसाठी होती.

कळल्यावर सुरा टाकून द्यायला हवा होता. मी संध्याकाळपर्यंत तोडत राहिलो आणि मला मजा येत होती. हे लिहिताना लाज वाटते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाराच्या बारा मनोरे साफ. मुकादमानं सही केली, घर माझ्या नावावर झालं. पळत जाऊन त्याच्या ऑफिसातून हिला फोन लावला. पलीकडून गोटी ओरडली, मोठ्यानं ओरडली, आणि मामीनं तिला गप्प केलेलं ऐकू आलं. अजून पाच दिवस, मग कुणी गप्प करणार नाही.

परत आलो तर अंगणाच्या कुंपणाचे सगळे खांब कापलेले. गुडघ्याच्या उंचीवर, एका घावात एक. मी दात-ओठ खात लंबूकडे गेलो, म्हटलं कोण हा हरामखोर? त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, मग सुऱ्याकडे, आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, सकाळी तूच कापत होतास, मी हाक मारली, तू वळलाही नाहीस.

मग त्यानं सगळं सांगितलं. माझ्या आधीचा गडी चार बोटांचा होता. पट्टा साफ झाला तरी त्याचा हात थांबेना. आधी कुंपण, मग घरातलं सामान, मग दावणीची शेळी. म्हातारी आई राहायची त्याच्याबरोबर. तिचं काय झालं ते लंबूनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो गडी पुन्हा कुणाला दिसला नाही. सुरा तेवढा मिळाला.

हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुरा परत करायला गेलो. आजोबांनी हात लावायला नकार दिला. चिडले नाहीत, फक्त माझा ठोकळा दाखवून म्हणाले की आठवडाभर धीर धरला असतास तर ही मूठ तुझी झाली असती. आता उपदेश काय कामाचा! मीच सुरा खिळ्याला अडकवला आणि बाहेर पडलो.

घरी पोहोचलो तर तो हातात होता. आणि टेबल व खुर्ची दोन्ही जमिनीवर, पाय कापलेले. वही मांडीवर घेऊन लिहितोय.

आणखी एक. वाटेत लांब काहीतरी उभं दिसलं. मला वाटलं, हे खोड कसं काय राहिलं, आणि मी चिडून त्याच्या रोखानं निघालो. दहा पावलांवर गेल्यावर ते खोड बोललं. लंबू होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी फोन केला. हिला म्हटलं, येऊ नका. का, ते सांगता येईना. सुऱ्याचं सांगितलं असतं तर वेडा म्हणाली असती, म्हणून घराचं छप्पर गळतं म्हटलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, प्रत्येक वेळी तुमचं असंच, ऐन वेळी माघार. बोचकी बांधून झालीत, भावाला सांगून झालंय, आता त्याच्या दारात मी एक दिवस जास्त राहणार नाही. गळू दे छप्पर. वळणावर उतरू आणि पट्ट्यातून चालत येऊ. गोटीला अख्खी वाट चालायची आहे.

तिचं चुकलं कुठे? राग आला तो माझाच. धीर करून पुन्हा फोन करायचा, सगळं खरं सांगायचं, असं ठरवून दुपारी परत गेलो.

मुकादमाच्या ऑफिसबाहेरचे टेलिफोनचे तिन्ही खांब आडवे पडले होते. गुडघ्याच्या उंचीवर कापलेले. माझ्या चपलेत लाकडाचा ताजा भुसा होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विहिरीत टाकला. मोठा दगड बांधून.

जेवताना हातात. ओला.

मुकादमाला सांगितलं. त्यानं सुट्टी घे म्हटलं. सुट्टी! इथून जाणारी गाडी सोमवारशिवाय नाही. मूर्ख माणूस. नाही, तो मूर्ख नाही, मी काय सांगतोय ते मलाच —

२२ नोव्हेंबर, शनिवार

लंबू भला माणूस आहे. मला घरात कोंडायचं, बाहेरून कुलूप लावायचं, हात खाटेला दोरखंडानं बांधायचे, असं दोघांनी ठरवलं. वही राहू दे म्हटलं, तेवढा डावा हात त्यानं सैल ठेवला. उद्या सकाळीच तो वळणावर थांबेल, दोघींना तिथूनच आपल्या घरी नेईल, आणि हिला सगळं समजावेल. हिला समजणार नाही, पण ती लंबूचं ऐकेल. परक्याचं ऐकते ती.

सुरा त्यानं बरोबर नेला. दोन गोणपाटांत गुंडाळून. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं.

गोटीसाठी भिंतीवर उंची मोजायची खूण करायची राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. कुलूप आहे. दोर आहे. उजवा हात मुठीसारखा वळलेला, रिकामा. बरं वाटतंय.

गाडी दहाला येते. लंबू पोहोचला असेल वळणावर.

—

हातात आहे. दोर तुटलाय. मी नाही. मी डोळे मिटून गोटीचं नाव घेत होतो, फक्त —

लंबूकडे होता. लंबूनं नेला होता. मग लंबू —

—

दार पडलं. बाहेर आलो. नाही, बसलोय. उंबऱ्यावर बसलोय. डाव्या हातानं उंबरा धरून. लिहीत राहायचं, लिहिताना उठता येत नाही. माझी बायको. माझी मुलगी. पाच वर्षांची. लाल फ्रॉक तिचा. ही माणसं आहेत. माणसं आहेत. माणसं —

वळणाशी गाडीचा हॉर्न. दोनदा.

परत फिरा. ओरडलो. वारा उलटा आहे. हात हलवला तर त्यांनीही हात हलवला —

—

पट्टा परवाच साफ केला होता. सही झालेली. आणि आता बघावं तर मधोमध दोन उभी. कंटाळा आला या कामाचा, एक दिवस निवांत मिळत नाही. एक मोठं, एक बारकं. बारक्याला काहीतरी लाल लागलंय.

बारकं हलतंय. वारा तिकडून नाही तरी हलतंय. इकडेच येतंय.

बरं झालं, तेवढीच चाल वाचली. आधी बारकं, मग