दोन रेघा सैल

५ जानेवारी, रविवार

"तू लिहून घे, हात मी लावतो."

अण्णांचं वाक्य. मी नऊ वर्षांची होते. ते धातू कातायच्या लेथवर वाकलेले, मी स्टुलावर वही घेऊन. ते मापं सांगत, मी लिहीत. वेणी अडकेल, बोट जाईल — म्हणून मशीनला शिवायचं नाही! आज सत्तेचाळीस झाले. अजून लिहूनच घेते आहे.

त्या वहीतलं वाफेचं इंजिन अण्णांच्या हातून झालंच नाही. दोन वीत लांबीचं, खेळण्यासारखं, पण खरोखर चाक फिरवणारं. आधी माझं लग्न, मग माझं परत येणं, मग आईचं आजारपण — राहूनच गेलं. आता अण्णांचे डोळे गेलेत. आठवणीतली माणसंही पुसट होत चाललीत. मला कधी ऋचा म्हणतात, कधी 'अहो बाई'. कान मात्र शाबूत. काल मिक्सर लावला तर आतून ओरडले, "बुश गेलाय त्याचा!" खरंच गेला होता.

त्यांना आवाज ओळखू येतोय तोवर ते इंजिन एकदा त्यांच्या कॉटशेजारी चालवायचं. एवढंच हवं आहे मला.

१२ जानेवारी, रविवार

तिघे तयार झाले! घरी हौसेनं लहान इंजिनं बनवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर वहीची पानं टाकली होती. इथल्याच, सांगलीजवळच्या कुपवाडचा फारूक सिलिंडर करणार. त्याचं स्वतःचं वर्कशॉप, आठवडाभर ऑर्डरी, रविवार हौसेचा. साताऱ्याचा जोतिबा, गॅरेजवाला — त्याच्याकडे चाक आणि दांडा. पिस्टन लोणंदच्या वीरधवलकाकांकडे. रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, वय एकाहत्तर, पडवीत लेथ. फोनवर म्हणाले, "आवं ताई, वडलांसाठी करताय न्हवं? मग इचारताय कशाला!"

फोन ठेवून थोडी रडले.

तीन गावं, तीन मशीनं, मधे मी. वहीतली सगळी मापं मिलिमीटरमध्ये करून पाठवली. चार दिवस लागले. एक ओळ तेवढी तशीच ठेवली — 'पिस्टन सिलिंडरपेक्षा दोन रेघा सैल.' लेथच्या हातचाकावर बारीक रेघा कोरलेल्या असतात, अण्णा त्यांतच मोजत. इतकं त्यांचं वाक्य! मोडवलं नाही.

१९ जानेवारी

काकांनी फोटो पाठवला. तळहातावर पिस्टन. अंगठीपेक्षा देखणा. अण्णांना सांगितलं. म्हणाले, "कोण काका?"

२६ जानेवारी, रविवार

चाललं नाही.

फारूकच्या वर्कशॉपमध्ये सगळे जमलो. काका पहाटेच्या गाडीनं आले. साळूबाईंनी, त्यांच्या बायकोनं, सगळ्यांना पुरतील एवढ्या गुळाच्या पोळ्या दिलेल्या. इंजिन जुळवलं. वाफेऐवजी कॉम्प्रेसरची हवा सोडली. चाक अर्धा फेरा फिरलं, थांबलं. पुन्हा. पुन्हा. पिस्टनच्या कडेनं हवा नुसती फुस्स!

जोतिबा हसला. "काका, पिस्टन केलाय का बाटलीचं बूच? रेल्वेत असलंच चालत हुतं व्हय?"

"दोन रेघा लिवल्यालं. दोन रेघा ठिवल्या."

"मग एवढी हवा कुटनं जातीया?"

फारूक म्हणाला, "जोतिबा, गप रे." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. वही माझ्या हातात. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले — मी! — "काका, मोजताना तुमच्याकडूनच काहीतरी चुकलं असेल."

काकांनी मायक्रोमीटर पुसला. डबीत ठेवला. डबी पिशवीत. "छत्तीस वर्सं मोजलंय म्या. सांगलीला पुन्यांदा न्हाई यायचो."

पोळ्यांचा डबा तिथंच राहिला. कुणी उघडला नाही.

२७ जानेवारी

काकांनी ग्रुप सोडला. त्यांचा डबा मी घरी आणला, घासून ओट्यावर पालथा घातलाय. जाता-येता दिसतो.

३० जानेवारी

फारूकला म्हटलं, दुसरा पिस्टन तू करशील का? तो म्हणाला, "करीन ताई. पण बुजुर्ग माणसाचं काम मी पुन्हा केलं, तर त्यांच्या थोबाडीत मारल्यासारखं होईल. नका सांगू मला." जोतिबाला म्हटलं, काकांना एक फोन कर. "गंमत केली ओ ताई. लय मनावर घेतलं म्हाताऱ्यानं. सोडा आता."

सोडा! माणसं जमवायची हौस माझी, आणि मोडलीही मीच. इंजिन घरी आणलंय. फडताळात, टॉवेलखाली. तिथं आहे हे विसरता येत नाही.

३ फेब्रुवारी

अण्णांनी आज घास तोंडात तसाच धरून ठेवला. गिळायचं विसरले. गळ्यावरून हात फिरवला तेव्हा गिळला. हाताशी दिवस आहेत असं मी कशाच्या जोरावर धरून चालले होते?

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे नीट लिहायला हवं.

दुपारी अण्णांच्या हातात सिलिंडर आणि पिस्टन दिला. का, माहीत नाही. हात रिकामे दिसले म्हणून. पिस्टनवरून अंगठा फिरवत राहिले. "कुणी केलाय?"

"लोणंदच्या एका फिटरनं."

"हात चांगला आहे." मग आत घालून हलवला. कानाशी नेला. "पण सैल आहे हा."

"दोनच रेघा ठेवलाय, अण्णा."

"कुठल्या मशीनच्या दोन रेघा?"

मी उठले. मागच्या खोलीत गेले. त्यांच्या लेथवरचं तेलकट फडकं काढलं. हातचाकावर इंचाचं माप. फारूकला फोन करून विचारलं. काकांचं लेथ मिलिमीटरचं — त्यांची एक रेघ म्हणजे अण्णांच्या जवळजवळ दोन. काकांनी सांगितल्याबरहुकूम दोन ठेवल्या. त्यांच्या मशीनच्या! प्रत्येक मशीनची रेघ वेगळी, हे मला ठाऊकच नव्हतं. हातचाक कधी फिरवलंच नाही मी. वाक्य आवडलं, म्हणून ठेवलं.

परत आले तर अण्णा पिस्टन मुठीत धरून बसलेले. चाहूल लागली तशी म्हणाले, "अहो बाई, आमची ऋचा लिहून घ्यायची. चुकायची नाही. पण मशीनला हात लावू दिला नाही मी तिला. कळणार कसं पोरीला?"

मी समोरच उभी होते.

७ फेब्रुवारी

काकांना फोन केला. साळूबाईंनी घेतला. "न्हाई बोलायचं म्हनत्यात ते." मागं टीव्हीचा आवाज एकदम वाढला.

८ फेब्रुवारी

ग्रुपवर लिहिलं — काकांचं माप बरोबर होतं, चूक माझी. जोतिबानं हात जोडल्याची खूण टाकली. ज्यांनी वाचायला हवं ते ग्रुपवर नाहीतच.

९ फेब्रुवारी, रविवार

डबा पिशवीत घातला. शेजारच्या भामाबाई अण्णांजवळ बसल्यात. मी लोणंदला निघाले. काका दारात आले तर डबा घेतील आणि नाही म्हणतील. म्हणणारच. त्यांच्या जागी मीही म्हटलं असतं. तरी डब्यात चिठ्ठी ठेवली आहे —

'काका, तुमचा पिस्टन बरोबर आहे. माप मी चुकीचं लिहिलं, आणि वर चारचौघांत चूक तुमच्यावर घातली. दुसरा करून मागत नाही. अण्णांचं लेथ काल तेल घालून फिरवून पाहिलं. पिस्टन मी करणार आहे. एकदा सांगलीला येऊन माझ्या शेजारी उभे राहाल? तुम्ही नुसतं सांगा. हात मी लावते.'