स्नेहाच्या नावचं बल

१७ मार्च, सोमवार

आधी काय घडलं ते.

१. गेल्या एप्रिलमध्ये माझी थोरली बहीण स्नेहा उज्जैनची पंचक्रोशी चालायला आली. पाच दिवसांची वाट, यात्रेच्या गर्दीआधी, आठ जणांचा गट.
२. दुसऱ्या दिवशी, करोहन गावाच्या अलीकडे, भर दुपारी तिला चक्कर आली.
३. गट नेणाऱ्या सौमित्रने तिला बाभळीखाली बसवलं, गाडी पाठवतो म्हणाला आणि बाकीच्यांना घेऊन पुढे गेला. हे तिच्या शेवटच्या व्हॉइस मेसेजमध्ये आहे.
४. गाडी आली नाही.
५. तिचा मृतदेह संध्याकाळी सापडला. ती हट्टाने एकटीच मागे फिरली, असा जबाब सौमित्रने दिला. मेसेज पुरेसा पुरावा ठरला नाही.
६. आजपासून मी त्याच्याकडे नोकरीला आहे.

एवढं सोडलं तर दिवस छान गेला. देवास गेटला उतरले, गरम पोहे-जिलेबी खाल्ली. पटनी बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर खोली मिळाली आहे. घरमालकीण माई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी मी शाकाहारी आहे का, एवढंच विचारलं. माझं काम सर्वेक्षणाचं: सौमित्रच्या पायवाटा नकाशावर आणायच्या. स्नेहा सासरचं आडनाव लावायची, त्यामुळे माझ्या आडनावाने त्याला काही आठवलं नाही.

मला एकच हवं आहे. त्याने चार लोकांसमोर खरं बोलावं.

२३ मार्च, रविवार

पहिली एकदिवसीय चाल. नदीच्या काठाने भैरवगढ. छपाईच्या चादरी दगडांवर वाळत होत्या, त्यांच्यामधून वाट काढत गेलो. माझी टाच सोलली. सौमित्र म्हणाला, बूट नवे, पाय जुने, थोडी जान-पहचान होऊ दे दोघांची. सगळे हसले. मीही हसले.

शिकले ते असं: नखं आदल्या दिवशी कापायची. पिशवीचा भार खांद्यावर न घेता कमरेवर घ्यायचा. तहान लागण्याआधी पाणी प्यायचं.

३० मार्च, रविवार

पाडवा. माईंनी डब्यात श्रीखंड दिलं. आज लांबची चाल होती आणि मी दमले नाही.

सौमित्र चांगलं शिकवतो. खरं आहे म्हणून नोंदवते. गटाचा वेग म्हणजे शेवटच्या माणसाचा वेग, हे त्याने नव्या लोकांना समजावून सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही.

९ एप्रिल, बुधवार

शुक्रवारी पंचक्रोशी. गेल्या वर्षानंतर तो त्या वाटेला प्रथमच जातो आहे. करोहनच्या मुक्कामी सगळ्यांसमोर विचारायचं आणि उत्तर रेकॉर्ड करायचं, असं मी ठरवलं आहे.

माईंना बेत सांगितला नाही, फक्त वाट सांगितली. त्यांनी विचारलं, नागचंद्रेश्वराकडून बल घेणार ना. इथली रीत अशी: निघताना देवाकडून चालायचं बल मागून घ्यायचं आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते परत करायचं. वाटेत कुणी गेलं तर काय, असं मी विचारलं. माई म्हणाल्या, मग त्याच्या रक्ताच्या माणसाने त्याच्या नावाने घोडा वाहायचा. नाही वाहिला तर ते बल वाटेवरच थांबतं आणि ज्याने साथ सोडली त्याच्या पायांत शिरतं.

आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. बाबा एकटे आले होते. तिला घेऊन गेले.

माईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, कोणी असेल तुझं तर उद्याच वाहून टाक, बेटा, उगाच लटकवून ठेवू नये.

१० एप्रिल, गुरुवार

देवळापर्यंत गेले. घोडा हातात घेतला. परत ठेवला. माझा यावर विश्वास नाही. तरीही ठेवताना माझ्या मनात जे आलं ते लिहिते: शिरू दे.

११ एप्रिल, शुक्रवार

पहिला मुक्काम पिंगलेश्वर. पहाटे सगळ्यांनी बल घेतलं. मी घेतलं नाही. सौमित्र दिवसभर गात होता. मुक्कामी त्याने स्वतः डाळ-बाटी रांधली.

१२ एप्रिल, शनिवार

दुपारी ती बाभळ आली. मी तिची जागा नकाशावरून ओळखली आणि त्याच्या तिकडे न पाहण्यावरून. झाडाच्या पुढे जाताच त्याचं गाणं बंद पडलं.

करोहनला आम्ही थांबलो. तो थांबला नाही. आधी सगळ्यांना ती मस्करी वाटली. गटातल्या रुचिरने हाक मारली, अरे उस्ताद, ब्रेक फेल झाले का. त्याने मान वळवून पाहिलं. पाय वळले नाहीत. दोघांनी त्याला कमरेला धरलं, तर तो दोघांना ओढत निघाला. बुटाची पट्टी तुटली, बूट मागे पडला, तो चालत राहिला.

मी विचारायचं विसरले.

१३ एप्रिल, रविवार

रुचिरने गावातून मागून आणलेल्या मोटरसायकलवरून अंबोदिया गावाच्या पुढे त्याला गाठलं. एका पायात चप्पलसुद्धा नाही, डांबर तापलेलं. मी शेजारून चालत फोन धरला. विचारावं लागलं नाही. त्याने आपणहून सगळं सांगितलं: बाभळ, गाडी, पाठवायला विसरला नव्हता, जेवण आटोपल्यावर पाठवू म्हणून लांबवलं, जबाब खोटा. रुचिर ऐकत होता. रुचिर रडला.

मी कोण आहे ते सांगितलं. त्याने हात जोडले. चालत.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणखी काही हवं आहे असं वाटतं.

१६ एप्रिल, बुधवार

काल घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेऊन बांधलं. पलंग दारापर्यंत सरकत गेला. आज तो सुटला. दुपारी माझ्या खिडकीखालून गेला. तीच वाट, पुन्हा पहिल्यापासून.

त्याची थोरली बहीण आली होती, अक्का. तिला सगळं ठाऊक होतं, त्यानेच सांगितलं होतं. घोडाही बरोबर आणला होता, पदरात गुंडाळून. म्हणाली, माझ्या हातून चालत नाही, रक्ताचं माणूस लागतं, तू फक्त हात लाव. मी नाही म्हणाले. तिने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले.

जाताना जिन्यात म्हणाली, तुलाही भावाबहिणीचं कळतं म्हणून आले होते, चूक झाली.

मला वाईट वाटलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा गेला. त्याच्या पावलांबद्दल लिहीत नाही.

त्याच्या मागे कुणीतरी होतं. उन्हामुळे नीट दिसलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

स्नेहा आहे.

अनवाणी. ओठ काळे. तळहात त्याच्या पाठीवर, बैल हाकावा तसा. तो तिच्या ढकलण्याने चालतो. म्हणजे तीच चालते आहे. गेल्या एप्रिलपासून त्या झाडाखाली बसून होती, आणि आता ही सगळी वाट, ह्या उन्हात, मी —

तिने जीभ ओठांवरून फिरवली. कोरडी होती.

माईंनी उंबऱ्यावर तांब्या भरून ठेवला. तिने पाहिला. थांबता येत नाही तिला.

माई म्हणाल्या, त्याला चालवते आहेस असं समजू नकोस. कोणाच्या पायांनी चाललंय ते बघ.

२० एप्रिल, रविवार

सकाळी देवळाकडे निघाले. कोपऱ्यावर तो समोरून आला. अजून जिवंत. अजून हात जोडलेले. त्याला पाहिलं आणि मी परत फिरले.

तिने पाहिलं मी फिरले ते, तिची साथ सोडली ते.

२१ एप्रिल, सोमवार

आज तो एकटाच गेला. धडपडत, पण — थांबला. गल्लीच्या तोंडाशी बसला. अक्का त्याला रिक्षातून घेऊन गेली.

तिचा हात त्याच्या पाठीवर नव्हता.

मग कुठे —

दुपार. जिन्यात पावलं. ओली नाहीत, कोरडी, सोललेली. माई खाली आहेत, त्यांना ऐकू येत नाही.

माझ्या पाठीवर ऊन लागतं आहे. खोलीत ऊन नाही.

स्नेहा, मी तुझ्यासाठीच — नाही. माझ्यासाठी केलं. एवढं खरं लिहिते.

तुला सुटायचं आहे की अजून चालायचं आहे, हे मला उद्या, मंगळवारपर्यंत कळव. बुधवारी यात्रा निघेल, त्या गर्दीत तू मला सापडणार नाहीस. कसंही कळव. फक्त आत येऊ नकोस, मी दाराशी येते, मी उठते आहे, मी उठले नाही, माझे पाय —