पाणवेल आम्हीच सोडली

प्रिय रवी,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. खिशात फोन असताना आईला पत्र लिहायचं कसं सुचलं, असं तुझ्या मनात येईल. तर ऐक. फोनवर मी निकिताचं नाव काढलं की तुझा आवाज तुटायला लागतो. तुमच्या चौकीवरच्या त्या बर्फात रेंज नसते हे मला मान्य आहे, पण ती नेमकी तुझ्या बहिणीच्या नावालाच कशी जाते, हे काही मला उमगलेलं नाही. पाडव्याला तू माझ्याशी बोललास, अण्णांशी बोललास, गोठ्यातल्या कालवडीचीसुद्धा चौकशी केलीस. ती शेजारी हात पुढे करून उभी होती आणि तू फोन ठेवलास. म्हणून आज दुपारी गुलाबाची छाटणी अण्णांच्या गळ्यात घालून मी लिहायला बसले आहे.

दीपकने तुला जे कळवलं ते खोटं नाही. तुझा जिवाभावाचा मित्र आहे तो, तुला कळावं असं त्याला वाटलं. पण कीर्तनातून अर्ध्यात उठून गेलेल्याने कीर्तन कसं झालं ते सांगावं, तसं झालंय. पुढचं मी सांगते. आधीचंही सांगते, कारण तेव्हा तू इतका तापला होतास की निम्मं तुझ्या कानावरून गेलं असणार.

यंदा पाणवेलीने नाशकातच गोदावरी झाकली होती. निकिताच्या बोट क्लबासमोर तर पाणी दिसेना, नुसतं हिरवं रान. शर्यत तोंडावर आलेली आणि या पोरांना वल्हं मारायला जागा नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की वाट कुणाची बघायची नाही, आपणच काढू. कॉलेज सांभाळून रोज सकाळी पाण्यात उतरायचे. निकिता गंगापूर रोडवर सरिता मावशीकडे राहते ना, तर मावशीने मला सांगितलं होतं, तुझी पोरगी घरी आली की आधी बाहेरच्या नळावर उभी करावी लागते, एवढा वास येतो. मला तेव्हाच कौतुक वाटलं होतं. पण एवढं ओझं काठावर ओढून काढायचं तर हात मोडतात. तेवढ्यात धरणातून आवर्तन सुटणार असं कळलं. निकिता त्यांची कॅप्टन. ती म्हणाली, पाणी येतंच आहे तर कडा कापून देऊ, वाहून जाईल. कोयत्यांनी कडा कापल्या, बांबूंनी ढकललं आणि अख्खा गालिचा धारेला लागला. टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. या बोटवाल्यांची नदी शर्यतीच्या शेवटच्या खुणेपाशी संपते रे. तूही त्यातलाच. क्लबात होतास तेव्हा खाली आपलं गाव याच पाण्यावर जगतं, हे तुला तरी कधी आठवलं होतं का, खरं सांग.

तो गालिचा सरकत सरकत आला तो आपल्या बंधाऱ्याला येऊन टेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर या काठापासून त्या काठापर्यंत पाणवेल, वर जांभळी फुलं. आपण फुलांवर जगणारी माणसं, खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ती देखणी वाटली. कुणीतरी फुलासाठीच परदेशातून आणली म्हणे ही पहिल्यांदा. पण तिची मुळं नदीतून पाणी उचलणाऱ्या मोटारींच्या फुटव्हॉल्व्हमध्ये शिरली आणि एकेक मोटार बंद पडत गेली. लंकाकाकूची तर जळालीच. पाडव्याचा झेंडू कळीवर आलेला, वर ऊन हे असं, आणि नदी भरलेली असून पाणी उचलता येईना.

त्या शनिवारी निकिता नेहमीसारखी घरी यायला निघाली आणि पुलावरून तिने नदी बघितली. अंगणात स्कूटी लावली, पाणीसुद्धा प्यायली नाही. मला एवढंच विचारलं की सगळे कुठे आहेत. सगळे पारावर जमून नाशिकवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते. रवी, मी तिच्या मागोमाग गेले होते, देवळाच्या भिंतीला टेकून उभी होते, म्हणून मी सांगते ते खरं मान. तिला कुणी बोलावलं नव्हतं. कुणाला तिचा संशयसुद्धा आला नव्हता. पाणवेल तर दर वर्षी थोडीफार येतेच. ती गप्प बसली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. ती सरळ मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ही पाणवेल आम्हीच सोडली. आमच्या क्लबाने. सोडा म्हणून मी सांगितलं.”

केरूतात्याला तू ओळखतोस, त्याची जीभ कधी घरी बसलेली नाही. तो म्हणाला, “उलटं बसून बोट हाणणाऱ्याला पुढं कोण ऱ्हातं ते कसं दिसायचं?” सगळे हसले. दीपक तिथपर्यंत होता. ‘गावासमोर घराची शोभा केली, गप्प बसता आलं नाही का’ असं तू फोनवर म्हणालास, ते त्या हसण्याला. पण लंकाकाकू हसली नव्हती. ती उठली, पदर खोचला आणि पोरीच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, “तू सोडली ना? मंग तूच काढ. आधी माझ्या मोटारीपुढची.” निकिता हो म्हणाली. तुला त्या दिवसाची लाज वाटली. मी मात्र तिथेच मनात म्हटलं की हिला मी जन्म दिलाय, आणि माझी मान अशी ताठ झाली की घरी येईपर्यंत खाली येईना.

रविवारी क्लबाची सगळी पोरं टेम्पोवर बोटी लादून आली. आधी मोठ्या ऐटीत त्यांनी ती शर्यतीची काडीसारखी बोट उतरवली. ती पाणवेलीत घुसली, अडकली आणि पालथी झाली. दोन्ही पोरं चिखलाने माखून वर आली तेव्हा जत्रेत हसलं नसेल एवढं गाव हसलं. मग त्यांनी शिकाऊ पोरांच्या रुंद बोटी काढल्या. अण्णा तोवर पोरीकडे पाठ करून बांधावर नुसते बसून होते. ते उठून घरी गेले आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी घेऊन आले. टोकं बंद केली की त्या तरंगतात. त्या नळ्यांचा वेढा घालून पाणवेलीचा एकेक तुकडा वेगळा करायचा, दोन बोटींनी तो काठाला ओढत आणायचा, तिथे बायामाणसांनी दाताळ्यांनी वर घ्यायचा, अशी रीत बसली. वल्हवणाऱ्याचं तोंड मागेच असतं, त्यामुळे ओढलेला तुकडा काठाला लागेपर्यंत त्यांच्या नजरेसमोर राहायचा, कुठे सुटला की लगेच कळायचं. शेवटी केरूतात्यालाच कबूल करावं लागलं की हे उलटं बसणं लय कामाचं हाय.

निकिताने एक मात्र लावून धरलं. काढलेलं काठावर ठेवायचं नाही, ट्रॉलीत भरून वरच्या गायरानात न्यायचं, नाहीतर पाणी चढलं की पुन्हा खालच्या गावाच्या दारात. तुटलेली काडीसुद्धा पाण्यात राहू द्यायची नाही, कारण एका काडीवर ती पुन्हा संसार मांडते. जाळीच्या कांदापिशव्या कमरेला बांधून ही पोरं त्या काळ्या पाण्यात एकेक तुकडा वेचत होती. अंगभर खाज, पुरळ. शहरातली लाडाची पोरं ती, पण एकानेही कुरकुर केली नाही. पुढच्या सुट्टीला पुन्हा आली, त्याच्या पुढच्यालाही आली.

सुरुवात लंकाकाकूच्या मोटारीपासून झाली. मग एकेक करत सगळ्यांच्या मोटारी मोकळ्या झाल्या आणि आपली सगळ्यात शेवटी. आपला झेंडू माना टाकत होता. मी आई आहे, मला राहवलं नाही. तिला बाजूला घेऊन म्हटलं, आपली मध्येच उरकून घे, कोण बघतंय. ती म्हणाली, “आपली आधी काढली तर मी पारावर बोलले ते सगळं खोटं ठरेल.” अण्णांनी ते ऐकलं. पाडव्याला गावातला बराच झेंडू वाचला, आपला गेला. अण्णांनी सगळ्या ओळी स्वतःच्या हाताने उपटल्या. मला वाटलं, आता ते तिला बोलणार. त्यांनी उपटलेली झाडं गुरांपुढे टाकली, हात धुतले आणि तिला म्हणाले, “झेंडू काय, पुढच्या पाडव्यालाही येईल.” तुझे वडील किती बोलतात ते तुला माहीत आहे. एवढं बोलले, मग जेवायला बसले आणि ताटातला पहिला घास त्यांनी तिला भरवला.

आता नदी उघडी आहे. पैलतीराची बाभळ पाण्यात दिसते, पाणकोंबड्या परत आल्या. क्लबाने एक रुंद बोट बंधाऱ्यावरच ठेवली आहे आणि काही पोरं दर रविवारी येऊन नवी काडी दिसली की उचलतात. वर नाशकातसुद्धा आता ती कापून सोडत नाहीत, काठावरच घेतात. निकिताच्या क्लबाने तसा नियमच केला. आवर्तन सुटायचं असलं की पोरं आधी केरूतात्याला फोन करतात, आणि तात्या तो फोन आल्याचं गावभर मिरवतो. परवा मी आणि लंकाकाकू फुलबाजारात गेलो होतो. तिथे व्यापाऱ्याला ती सांगत होती की आमच्या निकिताने नदी सोडवली. आमच्या, म्हणाली. माझ्या पोरीला ज्या तोंडाने जाब विचारला त्याच तोंडाने. मी मुद्दाम फुलांचे वाटे लावत राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि बाजारात ते शोभलं नसतं.

आता ज्यासाठी लिहिलं ते सांगते. निवड चाचणीत आपली निकिता पहिली आली आणि तिला भोपाळच्या राष्ट्रीय शिबिराला बोलावणं आलंय. तुला हे कुणी सांगितलेलं नाही, कारण तिने सांगू दिलं नाही. तिने अजून बॅग काढलेली नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “दादाने मला क्लबात नेलं होतं. त्याला माझी लाज वाटत असेल तर मी कुणाच्या नावाने जाऊ?” रवी, गावाने ते कधीच सोडून दिलं. लंकाकाकूने सोडलं, अण्णांनी सोडलं. ती लाज आता फक्त दोघांनी धरून ठेवली आहे, एक तू आणि दुसरी ती, कारण तिला वाटतं तूच बरोबर आहेस. तुझी समजूत काढायला मी हे लिहिलेलं नाही. तू शहाणा आहेस आणि माझाच आहेस. गाडी या महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारची आहे. मला फोन करू नकोस, मी बरी आहे. तिला कर.

तुझीच,
आई